मिडल स्कूलमधील मुलांचा अभ्यास आणि आपण पालक

(मंडळाच्या आंबेडकर जयंती-सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सोहळ्यास किती कुटुंबे अनुपस्थित आहेत, हे कार्यवाहांनी आम्हास सकाळीच सांगितले. बहुतेकांचे कारण एकच, मुलाची परीक्षा. एप्रिल-मे हा येथील शाळांतील राज्यस्तरीय चाचण्यांचा हंगाम. २००२ साली झालेल्या केंद्रीय कायद्याने तिसरीपासून आठवीपर्यंत दरवर्षी वाचन व गणित या विषयांची चाचणी सक्तीची केली. २०१५ साली तो कायदा गेला, त्याच्या जागी दुसरा आला, पण चाचणी राहिली. त्यामुळे बाबासाहेबांची जयंती आणि मुलांची परीक्षा यांची दरवर्षी अशी गाठ पडते. न आलेल्यांस आम्ही दोष देत नाही. काही वर्षांपूर्वी याच कारणासाठी आम्हीही घरी थांबलो होतो. त्या दिवशी मुलाने अभ्यास केला नाही, आणि आम्ही त्याच्यावर दिवसभर ओरडत राहिलो, एवढेच त्या दिवशीचे कार्य झाले.

आम्ही व्यवसायाने वैद्य आहोत, शिक्षणशास्त्राचे जाणकार नव्हे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहोत, कारण या कामी आम्ही स्वतः चुकलो आहोत आणि चूक कोठे झाली हे आता थोडेफार कळले आहे.

सहावी ते आठवी, म्हणजे अकरा ते चौदा वर्षे वयाची ही मुले. पाचवीपर्यंत मुलास बहुधा एक वर्ग आणि एक शिक्षिका असते. ती त्याला नावाने ओळखते आणि त्याने डबा खाल्ला की नाही हेही पाहते. सहावीत गेल्याबरोबर सहा-सात शिक्षक येतात. तासागणिक वर्ग बदलावा लागतो, लॉकर उघडावा-मिटावा लागतो. प्रत्येक शिक्षकाचा गृहपाठ निराळा, देण्याची तारीख निराळी आणि तो जमा करण्याची जागाही निराळी. कोणाला कागदावर हवा असतो, तर कोणाला गुगल क्लासरूममध्ये. मोठ्या रुग्णालयातील नवख्या इंटर्नची पहिल्या महिन्यात जी अवस्था होते, तीच या मुलांची होते. फरक इतकाच की इंटर्न तेवीस वर्षांचा असतो. नियोजन करणे, आठवण ठेवणे, हातातले काम पुरे केल्यावर दुसऱ्याकडे वळणे, ही कामे मेंदूच्या ज्या पुढील भागाकडे असतात, तो भाग पुरता परिपक्व होण्यास वयाची पंचविशी उजाडते. म्हणून पुष्कळदा असे घडते की मुलाने गणिते सोडविलेली असतात, कागद दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेला असतो, आणि शाळेच्या पोर्टलवर त्याच्या नावापुढे लाल अक्षरांत ‘मिसिंग’ आणि शून्य असे उमटलेले असते.

ते शून्य आपल्याला कोठे दिसते? दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत, फोनवर. आपण तेथूनच मुलाला संदेश पाठवितो. तो त्या वेळी इतिहासाच्या तासाला बसलेला असतो. संध्याकाळी आपण दार उघडून घरात पाऊल टाकतो आणि पहिला शब्द उच्चारतो तो त्या शून्याचा. मूल दिवसभरानंतर आपल्याला भेटत असते, आणि आपण मात्र त्याच्या खात्याला भेटत असतो.

आता आमची चूक सांगतो. चिरंजीव सातवीत असताना त्यास विज्ञानासाठी एक प्रतिकृती करावयाची होती. विषय निघाला हृदय. मग काय विचारता! रविवारचा संपूर्ण दिवस आम्ही जमिनीवर बसलो. चारही कप्पे, झडपा, महारोहिणी, निळ्या-तांबड्या नळ्या, सर्व यथास्थित केले. चिरंजीव डिंकाची बाटली धरून उभे होते. सोमवारी शिक्षिकेने कौतुक केले आणि एका झडपेवर बोट ठेवून विचारले, ही कशासाठी? मुलास सांगता आले नाही. त्या बाईंनी गुण दिले, परंतु वहीत एक ओळ लिहून पाठविली की पुढील वेळी प्रतिकृती थोडी वाईट झाली तरी चालेल. आम्हास राग आला. पत्नीने ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली, “बाई बरोबर बोलताहेत.”

त्या रात्री आम्हास आमची माय आठवली.

आमचे बालपण कामठीचे. माय विड्या वळीत असे. सुपात तंबाखू, भिजवून कापलेली तेंदूची पाने, मांडीजवळ दोऱ्याचे रीळ. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली, त्यातही कारखान्याचा माणूस काही जुड्या खराब म्हणून बाजूला काढी. मायला अक्षरओळख नव्हती. तथापि रोज रात्री कंदिलाजवळ ती आम्हास समोर बसवून घेई. आमचे वाचन झाले की हात न थांबवता म्हणे, “पुस्तक पालथं ठेव. का वाचलं, सांग बरं मले.” आम्ही सांगू लागत असू. अडखळलो की तिचा हात थांबे. ती म्हणे, “हे तर तुलेच नाई समजलं. पुन्हा पाह्य.” तिला भूगोल ठाऊक नव्हता, वनस्पतीचे भाग ठाऊक नव्हते. पण समोरचा माणूस समजून बोलतो आहे की नुसते ओकतो आहे, हे तिला आवाजावरून कळत असे. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्राचा अवाढव्य ग्रंथ आम्ही त्याच रीतीने पाठ केला. पान उलटे ठेवावयाचे आणि भिंतीला सांगावयाचे.

या रीतीस शास्त्राचा आधार आहे हे आम्हास फार उशिरा कळले. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एक आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. पुढे रोडिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग इलिनॉय राज्यातील एका मिडल स्कूलमध्ये, सहावीच्या वर्गात केला. शिकविलेल्या काही मुद्द्यांवर लहान चाचण्या घेतल्या, काहींवर घेतल्या नाहीत. ज्यांवर घेतल्या ते मुद्दे नंतरच्या परीक्षांत मुलांना अधिक आठवले. योगायोग असा की त्या गावाचे नाव कोलंबिया आणि शाळेचे नाव कोलंबिया मिडल स्कूल! आपल्याला हे नाव अन्य कारणाने प्रिय आहे.

या प्रयोगांतील पाच मिनिटांची गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. गुरुवारी रात्री मूल धडा तीनदा वाचते आणि त्याला वाटते की सर्व आले. ते खोटे बोलत नसते, त्या क्षणी खरोखर सर्व आलेले असते. शुक्रवारी निम्मे जाते, आणि आपण म्हणतो, तू अभ्यासच केला नव्हतास. म्हणून शुक्रवारी चाचणी असेल तर सोमवारपासून रोज पंधरा मिनिटे पुस्तक पालथे ठेवून सांगावयास लावावे. गुरुवारच्या दोन तासांपेक्षा ते हितकर. त्यासाठी आपल्याला सातवीचे बीजगणित येण्याची आवश्यकता नाही. भाजी चिरता चिरताही ऐकता येते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली आजी घरी असेल तर अधिकच उत्तम. आजीला समजावे म्हणून मुलगा मोडक्या मराठीत प्रकाशसंश्लेषण सांगू लागला, की त्याला दुप्पट विचार करावा लागतो आणि आजीचाही वेळ बरा जातो.

गृहपाठ किती वेळ असावा, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. येथील शिक्षकांच्या व पालकांच्या राष्ट्रीय संघटनांनी एक ढोबळ प्रमाण मान्य केले आहे. जितवी इयत्ता, तितकी दहा-दहा मिनिटे. म्हणजे सहावीस एक तास, आठवीस ऐंशी मिनिटे. रोज तीन तास लागत असतील तर काही तरी बिघडले आहे, एवढे समजावे. एक तर मुलाचे लक्ष फोनमध्ये आहे, किंवा पाया कच्चा आहे, किंवा शाळेचे प्रमाण चुकले आहे, किंवा आपणच त्याला तिप्पट शिकवण्या लावल्या आहेत. यांपैकी शेवटचे कारण आपल्या समाजात दुर्मिळ नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलावी लागत आहे. महाराष्ट्रात जयंतीच्या निमित्ताने अनेक ठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. महाविद्यालयीन तरुणांनी एक दिवस तसे अभिवादन करावे, त्याबद्दल आम्हास आदरच आहे. परंतु ‘बाबासाहेब अठरा तास अभ्यास करीत’ हे वाक्य आपण बारा वर्षांच्या मुलास रोज ऐकवितो, तेव्हा वैद्य या नात्याने आमचा त्यास विरोध आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीने २०१६ साली सांगितले. वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते, रात्री झोप उशिरा येते आणि पहाटे डोळा उघडत नाही. तो आळस नव्हे. हे ओळखूनच आपल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली कायदा केला आणि २०२२ पासून मिडल स्कूल सकाळी आठच्या आत भरविता येत नाही. दिवसभरात जे शिकले ते मेंदूत पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. झोप तोडून केलेला अभ्यास हा पाया खणून वर मजला चढविण्यासारखा आहे.

आणि परळच्या चाळीतील त्या खोलीची गोष्ट आपण अर्धीच सांगत आलो आहोत. एका खोलीत सारे कुटुंब. दिवसा अभ्यास होणे अशक्य. म्हणून सुभेदार रामजी मुलास लवकर निजवीत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत, त्याला उठवून दिव्याजवळ बसवीत आणि मगच पाठ टेकीत. मुलाच्या पुस्तकांसाठी लग्न झालेल्या मुलींकडे पैसे मागत, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवीत. म्हणजे १९०७ साली मॅट्रिक झालेल्या त्या मुलाची झोप वडिलांनी आधी राखली होती आणि जागरण स्वतःकडे घेतले होते. आपण मुलाला दोन वाजता उठून बसलेल्या भीमरावाचे चित्र दाखवितो. दोन वाजेपर्यंत जागा असलेला बाप मात्र चित्रातून वगळतो, कारण ते काम आपल्या वाट्याचे आहे. रामजींचे निधन १९१३ च्या फेब्रुवारीत झाले आणि जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. तेथून त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्यास पत्र लिहिले. आईबाप मुलाला केवळ जन्म देतात, त्याचे कर्म घडवीत नाहीत, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे, अशा आशयाचे विचार त्यात आहेत. ज्याने हे लिहिले त्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा कोण असेल, हे सांगावयास नको.

काही मुलांच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. मूल हुशार आहे, प्रयत्न करते आहे, तरी अक्षरे जुळत नाहीत किंवा दहा मिनिटे चित्त ठरत नाही. सोमवारी सकाळी नेमके पोट दुखते. अशा मुलाची प्रथम दृष्टी व श्रवण तपासावे. मग शाळेस लेखी पत्र देऊन मूल्यमापनाची मागणी करावी. पालकांस तो कायदेशीर हक्क आहे आणि शाळेने करावयाच्या या तपासणीस पैसे पडत नाहीत. १९७३ च्या कायद्याच्या कलम ५०४ खाली चाचणीस अधिक वेळ, शांत जागा अशा सवलती मिळू शकतात. आपले लोक येथे कचरतात. मुलावर शिक्का बसेल म्हणतात. शिक्क्याची भीती आपल्याला का वाटते, हे आम्ही जाणतो, आपल्या सात पिढ्यांना तो बसला होता. परंतु चष्मा लावल्याने कोणी आंधळा ठरत नाही. आणि सवलत हा शब्द ऐकून आपण तरी मान खाली घालू नये.

शिक्क्याचा विषय निघाला म्हणून दुसरी चूकही सांगून टाकतो. ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

कॅलिफोर्नियात सहावीच्या समाजशास्त्रात प्राचीन संस्कृती शिकवितात. मिसर, ग्रीस, चीन, आणि भारत. भारताच्या प्रकरणात तथागत बुद्ध येतात आणि जातिव्यवस्थाही येते. कन्या सहावीत असताना एके संध्याकाळी गृहपाठाचा कागद घेऊन आली. त्यावर एक त्रिकोण होता, त्याच्या चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर नाव लिहावयाचे होते. त्रिकोणाच्या बाहेर, खाली, आणखी एक रिकामी ओळ होती. तिने चारही नावे बिनचूक लिहिली होती. त्या रिकाम्या ओळीवर पेन्सिल टेकवून तिने विचारले, “बाबा, आपण यातले कोण?”

आम्ही म्हणालो, “ते फार जुने आहे. पुस्तकात असेल ते लिही आणि संपव.”

तिने लिहिले. कागदावर पूर्ण गुण मिळाले. पंधरा दिवसांनी पत्नीने आम्हास सांगितले की मुलीने ते उत्तर पुस्तकातून न घेता इंटरनेटवरून शोधले, आपले आडनाव घालून. आम्ही ज्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षे व्यासपीठांवर बोललो, ती आमच्या मुलीला एकटीने, खोलीचे दार लावून वाचावी लागली. नंतर आम्ही दोघे तिच्याजवळ बसलो. मायच्या विड्यांपासून नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत सर्व सांगितले. तिने फक्त एकच विचारले, “त्या दिवशी का नाही सांगितले?” याचे उत्तर आमच्याकडे अजूनही नाही.

त्या पाठ्यपुस्तकातील मजकुरावर या राज्यात २००५-०६ साली आणि पुन्हा २०१६ साली मोठा वाद झाला. जातीचा उल्लेख सौम्य करावा, वगळावा, असा प्रयत्न झाला, आणि दलित कार्यकर्त्यांनी सॅक्रामेंटोस जाऊन राज्य शिक्षण मंडळापुढे त्याविरुद्ध साक्ष दिली. ते काम मोलाचे होते. पण मंडळापुढे धैर्याने बोलणे आणि जेवणाच्या टेबलाशी मुलीला उत्तर देणे, यांत दुसरे अधिक कठीण जाते. ज्यांची मुले यंदा पाचवीत आहेत त्यांनी तो कागद घरी येण्याची वाट पाहू नये.

आता एकटेपणाविषयी. बर्कलेच्या विद्यापीठात १९७० च्या दशकात युरी ट्राइसमन नावाच्या तरुण गणितज्ञास एक कोडे पडले. कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनती असूनही कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने नापास होत होते. त्यांना गोडी नाही, घरचे वळण नाही, अशी उत्तरे लोक देत. त्याने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले, आणि ते प्रत्यक्षात कसा अभ्यास करतात हे जवळून पाहिले. कृष्णवर्णीय विद्यार्थी प्रामाणिकपणे, पण एकेकटे अभ्यास करीत होते. अडले तर तेथेच अडून राहत. चिनी विद्यार्थी आधी एकट्याने सोडवीत, मग एकत्र जमून एकमेकांची उत्तरे तपाशीत, एकमेकांना प्रश्न विचारीत. ट्राइसमनने एकत्र अभ्यासाचे वर्ग काढले, आणि त्या वर्गांतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल सुधारले.

याच देशातले दुसरे उदाहरण बॉब मोझेस यांचे. १९६० च्या दशकात मिसिसिपीमध्ये जिवावर उदार होऊन कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी करणारा हा माणूस. १९८२ साली मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे त्यांची मुलगी आठवीत होती आणि शाळेत तिला बीजगणित मिळत नव्हते. मोझेस स्वतः गणिताचे शिक्षक. ते शिक्षिकेकडे गेले आणि वर्गात बसून आपण तिला शिकवू का, असे विचारले. शिक्षिका म्हणाल्या, शिकवा, पण आणखी काही मुलांनाही बरोबर घ्या. त्यातून ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ उभा राहिला. बीजगणित हा नागरी हक्क आहे, ही भूमिका मोझेस २०२१ साली निधन होईपर्यंत मांडत राहिले. आम्हास त्या शिक्षिकेचे बोलणे अधिक महत्त्वाचे वाटते. मोझेस आपल्या मुलीसाठी गेले होते. आपण सारेही आपापल्या मुलांसाठीच धावत असतो.

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थी-वसतिगृह काढले. मुलांना राहावयास जागा, जेवण आणि अभ्यासास सोबती मिळाले. आमच्या कामठीच्या वस्तीत विहाराच्या एकुलत्या एका ट्यूबलाइटखाली मॅट्रिकची मुले सातवीच्या मुलांना गणित शिकवीत आणि चुकले तर टपली मारीत. आज आपल्या प्रत्येक मुलाला स्वतंत्र खोली आहे, टेबल आहे, संगणक आहे. दार मात्र बंद आहे.

म्हणून गेल्या ऑक्टोबरपासून आम्ही पाच कुटुंबांनी एक लहानसा प्रयत्न केला आहे. दर बुधवारी सायंकाळी सहा ते साडेसात, गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातील एक खोली विनामूल्य मिळते. अकरावी-बारावीची तीन मुले मिडल स्कूलच्या मुलांना घेऊन बसतात. प्रथम प्रत्येकाने आपले पोर्टल स्वतः उघडावयाचे, काय राहिले आहे ते वहीत स्वतः लिहावयाचे, मग कामास लागावयाचे. शेवटच्या वीस मिनिटांत वह्या पालथ्या, आणि जोडी-जोडीने ‘सांग बरं मले’. मुलांनी ते मायचे शब्द जसेच्या तसे उचलले आहेत, त्यांच्या अमेरिकन उच्चारात ते भलतेच मजेदार वाटतात. पालकांनी खोलीत थांबावयाचे, पण बोलावयाचे नाही. हा नियम आम्हास सर्वांत जड गेला.

सर्व सुरळीत झाले असे नाही. तिसऱ्या आठवड्यास दोघेच आले. एक मुलगा चार महिने कोणाशी बोलला नाही, केवळ येऊन बसत असे. गुणांत सर्वांची सुधारणा झाली असे आम्ही म्हणणार नाही, दोघांची झाली, एकाची घसरलीही. परंतु घरातील आरडाओरड कमी झाली, हे पाचही घरांचे म्हणणे आहे. फेब्रुवारीपासून ग्रंथालयात सफाईचे काम करणाऱ्या बाईंचा मुलगा आमच्या टेबलाशी बसू लागला. तो आठवीत आहे, त्याच्या घरी स्पॅनिश बोलतात. अपूर्णांकांत तो आमच्या चिरंजीवांच्याही पुढे आहे. तो न बोलणारा मुलगा आता त्याच्याच शेजारी बसतो.

जागा बारा मुलांची आहे, सध्या नऊ आहेत. दुसऱ्या गावांतील कुटुंबांनी आपापल्या ग्रंथालयात चौकशी करावी. अर्ज एक पानाचा असतो, तो कसा भरावा हे आम्ही सांगू. अकरावी-बारावीची आणखी दोन मुले-मुली हवी आहेत, विशेषतः विज्ञानासाठी. मागे चहाच्या टेबलाजवळ एक वही ठेवली आहे. तीत नाव, इयत्ता आणि फोन क्रमांक लिहावा. मुलाचे नाव त्याला विचारूनच लिहावे, तो येथे नसेल तर घरी गेल्यावर विचारून आम्हास कळवावे.

जयभीम.